चूलबंद आवतन

१२ एप्रिल १९७९, भंडारा

सकाळी माठ बदलला. जुना पाझरणं सोडून बसला होता, पाणी कोमट लागे. नव्याला मातीचा वास आहे अजून. दोन दिवस राहील, मग जाईल.

दहाला सुखदेवच्या पानठेल्यावर. पान लावता लावता बोलला, जसं काही बाजारात वांगी आली तेच सांगून राहिला. "रामकिसन चालला म्हणते जी भिलाईले. कायमचा. पोरापाशी. दुकान बंद करून राहिला."

मी म्हटलं, "जाऊ दे." पान तोंडात टाकलं. चुना जास्त झाला होता, जीभ भाजली.

२७ मेला जाणार म्हणे. म्हणजे दीड महिना.

१३ एप्रिल

रामकिसनचं घर माझ्या घराच्या अगदी समोर. मध्ये दोघांची अंगणं अन् गल्ली, बैलगाडी कशीबशी निघेल एवढी. तीस वर्षं झाली, सकाळी त्याच्या खोकल्यानं उठतो मी. अन् वर्ष होत आलं, बोलणं नाही.

आज त्यानं दुकानातल्या पितळी घागरी घरी आणल्या. ओसरीवर उलट्या मांडल्या आहेत. ऊन पडलं की माझ्या भिंतीवर कवडसे नाचतात. आता स्टीलच्या जमान्यात पितळ घेते कोण? पोरगाही गेला तर पोलादाच्याच कारखान्यात. हसावं का रडावं.

दुपारी झोप लागली नाही. त्या कवडश्यांमुळे. दुसरं काही कारण नाही.

१७ एप्रिल

संध्याकाळी खांब तलाव. पायरीवर मध्ये सुखदेव, इकडे मी, तिकडे रा. वर्षभर असंच बसतो. तिघांची बैठक मोडायची नाही हा सु.चा हट्ट. रा. त्याच्याशी बोलतो, मीही त्याच्याशीच बोलतो. बिचाऱ्याची मान दुखते.

रा. म्हणे, "सुखदेव, औंदा ऊन लय आहे."

मी म्हटलं, "सुखदेव, ऊन दरसाली असते. काही लोकायले औंदाच दिसून राहिलं."

सु. वैतागला. "अबे, तुमी दोघं बुडा या तलावात. मले घरी जाऊ द्या."

भाजलेले शेंगदाणे होते रा.जवळ. पुडी सु.च्या हातून माझ्यापर्यंत आली. खाल्ले चार. बाकीचे परत केले, त्याच रस्त्यानं.

भिलाईचं नाव कोणीच काढलं नाही.

१८ एप्रिल

आंबील केली. गुठळ्या झाल्या. बायको, रुखमा, करायची तेव्हा मी नावं ठेवायचो, मीठ कमी आहे म्हणून. आता मीठ बरोबर पडते, बाकी सगळं चुकते.

कोणाला सांगू हे?

२० एप्रिल

लिहूनच टाकतो आज. सत्तावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. गळू पिकलं की फोडायचं, हे दुसऱ्याच्या बैलाला बरोबर सांगायचो.

मागच्या वैशाखात रा.च्या पोरीचं, लताचं लग्न. लता म्हणजे माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मला पोर नाही, तर तीच. मांडव मी बांधला, त्यांच्या घरामागच्या आवारात. डाहळ्या मी आणल्या, शहापूरहून, दोन बैलबंड्या भरून. आचाऱ्याच्या भट्ट्या मी खोदल्या. रुखमाला जाऊन चारच महिने झाले होते. लोक म्हणत, बस कंपौंडर, थकशील. बसून काय करू?

आदल्या संध्याकाळी रा. स्वतः आला. पिवळ्या अक्षता माझ्या उंबरठ्यावर ठेवल्या. म्हणे, "उद्या तुमची चूल बंद, कंपौंडर." घरात मी एकटा, तरी सगळ्या घराला जेवायला बोलावल्यासारखं "तुमची" म्हणाला. बरं वाटलं होतं.

लग्नाच्या दिवशी दहापर्यंत मांडवातच. मग घरी आलो, आंघोळ केली, धुतलेलं धोतर, कोट, टोपी. ओसरीवर बसलो. आपल्याकडची रीतच आहे. आवतन आदल्या दिवशी, अन् पानं मांडली की न्हावी दारोदार फिरून बलावणं देते. बलावण्याशिवाय कोणी उठत नाही. उठला तर हपापलेला म्हणतात.

न्हावी आला गल्लीत. "पाट मांडले जी, चला." पहिल्या दारी, दुसऱ्या दारी. माझ्या दारावरून सरळ पुढे गेला. मी म्हटलं, परततांना देईल. परतला, तोंड वर करून पाहिलंही नाही. पहिली पंगत उठली. दुसरी बसली. वडे तळल्याचा वास येत होता. लोकांचं हसणं सगळं ऐकू येत होतं, बावीस पावलांवर तर त्यांचं दार! टोपी डोक्यावर तशीच. चारपर्यंत तसाच बसलो. मग टोपी काढली. चूल पेटवली नाही, आवतन चूलबंद होतं ना. पाणी पिऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी रा. दारात. "काहून आला नाही बे?"

मी म्हटलं, "बलावलं कोठं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वळला अन् गेला. तिथून आजपर्यंत.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२४ एप्रिल

लू. दिवसभर दार बंद. वाळ्याच्या तट्टीवर पाणी मारत बसलो. एक कांदा, एक भाकर. कोणी आलं नाही. कोण येते म्हणा.

२९ एप्रिल

अक्षयतृतीया. रुखमाच्या नावाची घागर भरली. वाळा टाकला, वर आंबा ठेवला. पाटावर बसलो तर काय म्हणायचं तेच आठवेना. हे सगळं तीच करायची, माझ्या आईबापासाठी. तिच्यासाठी करायला मी, अन् मला काहीच येत नाही. म्हटलं, "पी बाई, थंड आहे." एवढंच म्हटलं.

वरण-भात शिजवला. पन्हं केलं.

दुपारी दार उघडलं तर उंबरठ्यावर झाकलेलं ताट. सरगुंडे अन् वाटीभर आंब्याचा रस. गल्लीत चिटपाखरू नाही. रा.च्या बायकोशिवाय, गोदावहिनींशिवाय दुसरं कोण? रुखमा अन् त्या दरसाल मिळून सरगुंडे करायच्या, कणकेचा दोरा काडीवर गुंडाळत दिवसभर बसायच्या, अन् मला हाकलून द्यायच्या तिथून.

ताट रिकामं झाल्यावर काठ दिसला. टिंबाटिंबांनी कोरलेलं, "रुखमा." रा.च्या हातचं अक्षर, 'ख' नेहमी मोठा काढते तो. आमचंच ताट. लताच्या लग्नात वापरायला भांडी दिली होती त्यात गेलेलं. वर्षभर त्यांच्याकडे होतं.

रस आंबट होता. खूप रडलो. रसाचं निमित्त नाही सांगत.

१ मे

ताट परत करायचं का नाही? आमचंच आहे, तर परत काय करायचं. पण आलेलं ताट रिकामं घरात ठेवायचंही नाही. फळीवर ठेवलं आहे. येता-जाता दिसते.

४ मे

सुखदेवनं फसवलं. म्हणे नदीवर जाऊ, टरबुजाच्या वाड्यांत, दोघंच. सकाळी सहाला वैनगंगेच्या पुलापाशी गेलो तर रा. आधीच उभा, छत्री घेऊन. त्यालाही "दोघंच" सांगितलेलं. आता परत कसं जाणार? गेलो तिघं.

रेती अजून गार होती. वाडीवाली बाई ओळखीची, तिच्या म्हशीची वार अडकली होती तेव्हा रात्रभर बसलो होतो मी. म्हणे, "कंपौंडर बाप्पा, पाहिजे तो फळ घ्या जी." मी एकावर हात ठेवला. त्याच्यावरच रा.चाही हात पडला. दोघांनीही काढून घेतला.

रा. सु.ला म्हणे, "त्याले सांग, तो कच्चा आहे. देठ हिरवा दिसून राहिला."

मी म्हटलं, "सुखदेव, त्याले सांग, घागरी वाजवून पाहाचा धंदा वेगळा अन् टरबूज वाजवाचा वेगळा."

फोडलं. पांढरं फट्ट निघालं आतून. सु. रेतीत लोळून हसला. वाडीवाली हसली. रा.च्या मिश्या हलल्या. मला पण हसू येत होतं, मी नदीकडे तोंड केलं. मग रा.नं निवडलेलं फोडलं, लालभडक. सगळ्यात मोठी फोड त्यानं सु.ला दिली अन् सु.नं न विचारता माझ्या हातात ठेवली.

येतांना ऊन चढलं. रा.नं छत्री उघडली. मध्ये सु. छत्रीचा अर्धा भाग माझ्याकडे कसा काय आला कोण जाणे, घरापर्यंत सावलीत आलो.

गल्लीत दोघं आपापल्या दारात. कुलूप उघडायला त्यालाही वेळ लागला अन् मलाही.

५ मे

काल चांगला दिवस होता. आज त्याचाच त्रास होऊन राहिला.

९ मे

लता आली माहेरी. कडेवर पोरगी, तीन महिन्यांची. सकाळीच सरळ माझ्या स्वयंपाकघरात. "कंपौंडर काका, चहा ठेवा. माझ्या घरी सगळे रुसलेले आहेत, तुमच्या घरी एकच."

पोरगी माझ्या मांडीवर दिली. वजन केलं मनातल्या मनात, सवय जात नाही. ठणठणीत आहे.

मग म्हणे, "काका, एक विचारू? माझ्या लग्नात तुमी जेवले काहून नाही?"

मी म्हटलं, "बलावणं नाही आलं."

ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. "येईल कसं? बाबांनीच न्हाव्याले सांगलं होतं. मी तिथंच होती, हळद लावून बसली होती. म्हणे, कंपौंडरच्या दारी जाऊ नोको. तो घरचा आहे. घरच्या माणसाले का बलावणं देते कोणी?"

मी पोरीचं टोपडं नीट केलं.

"तुमचं पान मांडलं होतं त्यायनं आपल्या बाजूले. कोणाले बसू नाही देल्लं. येईल, म्हणे, कामात असन कोठी. चार वाजले तरी बाबा जेवले नाही. मग आईनं पान उचललं."

चार वाजले. मी टोपी काढली तेव्हा चारच वाजले होते.

पोरगी मांडीवर मुतली. लतानं घेतली, गेली. चहा तसाच राहिला.

१० मे

म्हणजे बावीस पावलांवर तोही उपाशी, मीही उपाशी. अन् दोघं एकमेकावर चिडलेले, वर्षभर. गाढवाला औषध पाजलं मी, बैलाला पाजलं, पण एवढं मूर्ख जनावर नाही पाहिलं.

अन् मी त्याला काय बोललो? "बलावलं कोठं?" तो मला घरचा म्हणून पान मांडून बसला, अन् मी सांगितलं की मी बाहेरचा आहे.

रुखमा असती तर काहीच झालं नसतं. ती सकाळपासून त्यांच्या मागच्या दारानं आत-बाहेर करत असती. मला हात धरून नेलं असतं. त्या घरात मी कधी स्वतःहून गेलोच नाही, तिच्याच मागे मागे गेलो. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा एकटा होतो, अन् एकट्यानं कसं जायचं ते मला येत नव्हतं. हेच खरं आहे. मानपान वगैरे नंतरचं.

११ मे

जाऊन सांगावं का? काय सांगू? की मला पोरीकडून समजलं? उठलो, दारापर्यंत गेलो. तो ओसरीवर सुतळीनं पेटी बांधत होता. वर पाहिलं त्यानं. मी बादली उचलून नळावर गेलो. नळाला पाणी नव्हतं.

१२ मे

रिकामी बादली घेऊन परत आलो ते त्यानं पाहिलं असणार. जाऊ दे.

१५ मे

ठरवलं. त्याच्या जायच्या आदल्या दिवशी, २६ला, त्यांना चूलबंद आवतन द्यायचं. नाहीतरी त्या दिवशी वहिनींचं सामान बांधलेलं असेल. माझ्या हातचं कसं का असेना.

सु.ला सांगितलं. म्हणे, "तू? रांधशीन?" मग बराच वेळ हसला. मग म्हणे, "पाटवडीचा रस्सा कर. रामकिसनले पाटवडी दिसली की भिलाई-बिलाई सगळं विसरते."

विसरला तर बरंच होईल.

१७ मे

एसटीनं मोहाडी. बाजार. गाडीत उभं राहायलाही जागा नाही, पण मजा वाटली, किती दिवसांनी कोणासाठी तरी बाजार करायचा होता. रसाचे आंबे घेतले, गावरानी, बारीक पण गोड. बेसन, खसखस. एक म्हातारा धानवाला भेटला, त्याच्या बैलाचा खूर मी बरा केला होता. बैल मेला म्हणे तीन वर्षांपूर्वी, तरी जबरदस्तीनं चार पायल्या तांदूळ बांधून दिला. जुना आहे, वास चांगला.

बाजारात एका बाईनं विचारलं, "बाबा, घरी लगीन आहे का जी?" मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

१९ मे

लताला बोलावून सरगुंडे शिकलो. दोरा तुटते. जाड होते. काडीवरून निघत नाही. लता हसून हसून बेजार. "काका, हे सरगुंडे नाही, गांडुळं आहेत." पोरगी पण हसत होती वाटते, का वारा लागला होता कोण जाणे.

पाच वाजेपर्यंत एक सूप भरलं. चांगले म्हणता येणार नाहीत. पण आपण केलेत.

लताला म्हटलं, घरी सांगू नको. म्हणे, "काका, आमच्या ओसरीवरून तुमचं सूप दिसते."

२२ मे

लताला न्यायला जावई आले. गेली. जातांना पाया पडली. हळूच म्हणे, "बाबा तुमच्या सरगुंड्याकडे पाहून राहिले होते चार दिवस."

गल्ली परत सुनी. दुपारी फक्त समोरून हातोडीचा आवाज. खिळे ठोकून राहिला पेट्यांना.

२३ मे

तो गेल्यावर खोकला कोणाचा ऐकू येईल? हा प्रश्न आज चार वेळा आला. लिहून ठेवतो म्हणजे पाचव्यांदा येणार नाही.

तीस वर्षं. मी लग्न करून आलो तेव्हा रुखमा गल्लीत पहिल्यांदा पाणी भरायला निघाली, तिची घागर फुटली. रा.नं दुकानातली पितळेची आणून दिली. म्हणे, "हे नाही फुटत वहिनी." आहे अजून. मी त्यातच पाणी तापवतो.

त्याला भिलाईला कोण ओळखते? तिथं तो कोणाला कंपौंडर म्हणून शिव्या देणार? जाऊ नको म्हणावं वाटते. म्हणणार नाही. पोरानं बोलावलं तर बापानं जावं. मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो, असं वाटते. मला बोलावणारं नाही, हे वेगळं.

२५ मे

हळद-तांदूळ करून गेलो. कोट घातला, टोपी घातली. बावीस पावलं. घाम फुटला.

रा. दुकानात गेला होता, शेवटची चावी द्यायला. दारात गोदावहिनी. पदर डोक्यावर घेतला त्यांनी. वर्षात पहिल्यांदा समोर उभा होतो.

अक्षता उंबरठ्यावर ठेवल्या. म्हटलं, "वहिनी, उद्या तुमची चूल बंद."

त्यांनी अक्षतांकडे पाहिलं. मग म्हणे, "भाऊजी, रुखमा असती तर..." अन् आत गेल्या. हो म्हटलं का नाही ते काहीच समजलं नाही.

ताट घेऊन गेलो होतो, रुखमाचं. परत द्यायचं राहून गेलं. काखेतच घेऊन परत आलो.

संध्याकाळी खांब तलाव. रा. आला नाही. सु. म्हणे सामान बांधून राहिला असेल. दोघंच बसलो. मधली जागा नव्हती आज, तर बोलायलाही काही नव्हतं.

२६ मे

सकाळी ६. चूल पेटवली. आंबे भिजवले. खोकला ऐकू आला समोरून, उद्या नाही येणार.

साडेसहा. रोज या वेळेला त्यांच्या कवेलूच्या छपरावर धूर असते, चहाचा. आज नाही.

८. धूर नाही. पाटवड्या थापल्या. एक तुटली, ती खाल्ली. मीठ बरोबर आहे.

९.३०. अजून धूर नाही. म्हणजे आवतन घेतलं त्यांनी! चूल बंद ठेवली. सरगुंडे उकळत्या पाण्यात सोडतांना वाफ लागली बोटाला. काही नाही. चहासुद्धा नाही केला त्यांनी.

११. सगळं तयार. पाटवडीचा रस्सा, भात, सरगुंडे, रस, कैरीची चटणी. चार पाट मांडले. रा., वहिनी, सु., मी. रुखमाचं ताट रा.च्या पाटासमोर ठेवलं.

११.३०. सु. आला, स्वतःहून, वासावर. त्याला कधी बलावणं लागलं नाही, देवानं चांगला बनवला त्याला. म्हणे, "रामकिसनले बलावलं का?"

अन् मी तिथंच थांबलो, पळी हातात.

हा विचारच केला नव्हता! बलावणं द्यायचं का नाही? दिलं तर त्याला परका ठरवला. तो म्हणेल, मी तुला घरचा मानलं अन् तू मला न्हाव्याच्या बलावण्यातला. नाही दिलं, अन् तो माझ्यासारखाच बसून राहिला तर?

सु. म्हणे, "मी जातो. आवाज देतो."

"बसून राय!" एवढ्या जोरात ओरडलो की तो पाटावर बसलाच.

१२.१५. येईल. घरचा आहे तर येईल. त्याच्या मुलीच्या लग्नात तोही असंच म्हणत असेल. "कामात असन कोठी."

१२.४०. आला नाही. सु.नं भाताकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भाताकडे पाहणं सोडलं.

१. खिडकीच्या फटीतून पाहिलं. रा. ओसरीवर बसला आहे. बांधलेल्या पेट्यांमध्ये. धुतलेलं धोतर, कोट, एवढ्या उन्हात कोट, डोक्यावर टोपी. तोंड गल्लीकडे. मागे दारात वहिनी, नवीन लुगडं नेसून. सकाळपासून चहा नाही त्यांच्या पोटात.

हा माझाच बदला घेऊन राहिला का मला मान देऊन राहिला? का त्याला पण समजून नाही राहिलं, माझ्यासारखंच? विचारायचं कोणाला?

१.१०. सु. म्हणे, "अबे, लिहून काय राहिला तिथं? रस्सा गार झाला."

तो बसेल चारपर्यंत. मला माहीत आहे. चार वाजता टोपी काढेल, वहिनी चूल पेटवणार नाहीत, पाणी पिऊन झोपतील, अन् सकाळच्या गाडीनं जातील.

कोट घातला होता जायला. टोपीही डोक्यावर चढवली. दारात उभा राहिलो. मग वाटलं, हे तर बलावण्याचा न्हावीच झालो मी. रुखमा कशी जायची? पदर खोचलेला, हाताला पीठ, मागच्या दारानं, "चला व बाई, गार होऊन राहिलं" म्हणत. आपल्या घरात जातांना कोण टोपी घालते?

कोट काढला. हाताला बेसन आहे, राहू दे. त्यांच्या मागच्या दारानं जातो. सु.ला सांगितलं रस्सा परत चुलीवर ठेव.

टोपी खुंटीवर ठेवली आहे.